एअरपोर्टवरची दुकानं वेगळं मार्केट आहेत, पण सोयीपुरती नकोत

विमानतळावरच्या दुकानांचा धंदा, म्हणजे ज्याला त्यातले लोक ट्रॅव्हल रिटेल म्हणतात, त्याला कायद्याने वेगळं मार्केट मानावं का, हा वाद वरवर बघितला तर वकिलांनी वकिलांसाठी उकरून काढल्यासारखा वाटतो. मला कामामुळे असले निकाल आणि करार वाचावे लागतात म्हणून मी यात पडलो, नाहीतर कोण कशाला वाचतंय. पण एकदा आत शिरलं की कळतं, पाण्याच्या बाटलीच्या किमतीपासून ते विमानाच्या तिकिटापर्यंत बरंच काही या एका प्रश्नाला येऊन चिकटलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे वेगळं मार्केट आहे, मानायलाच पाहिजे. फक्त ज्यांना ही ओळख हवी आहे, म्हणजे या धंद्यातल्याच कंपन्यांना, त्यांना ती अर्धीच हवी आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे.

आधी गिऱ्हाईक बघा. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधून अटलांटिक पार जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, त्यानंतर १०० मिलिलिटरचा नियम आला आणि भरलेली पाण्याची बाटली सिक्युरिटीच्या अलीकडेच टाकून द्यायची वेळ आली. आता काही ठिकाणी नवे स्कॅनर बसलेत तिथे हा नियम सैल होतोय, पण इतकी वर्षं काय चाललंय बघा, नियम एका हाताने बाटली काढून घेतो आणि चार पावलांवर दुकान तीच बाटली विकतं. आणि दुकान टाळून जाऊ म्हटलं तर जाता येतंच असं नाही, कारण नवीन टर्मिनल्समध्ये सिक्युरिटीतून बाहेर पडलं की गेटकडे जायचा रस्ताच दुकानाच्या पोटातून काढलेला असतो, तोही सरळ नाही, नागमोडी, पट्टा कमरेला परत लावत लावत तुम्ही परफ्युमच्या वासातून चालत जाता, मग चॉकलेट, मग दारू, आणि गेटचा नंबर दाखवणारा बोर्ड दिसतो तो सगळ्यात शेवटी. सिक्युरिटी आणि बोर्डिंग यांच्या मधल्या वेळेला या धंद्यात गोल्डन अवर म्हणतात. कोणासाठी गोल्डन ते सांगायला नको.

तर असं बंदिस्त गिऱ्हाईक म्हणजे वेगळं मार्केट का? स्पर्धा कायद्यात याची एक ठरलेली चाचणी आहे. समजा एखादी वस्तू विकणारा एकच जण आहे आणि त्याने किंमत थोडीशीच, म्हणजे ५ ते १० टक्के, पण कायमची वाढवली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल का? इतके वळले की वाढ त्याच्याच अंगाशी आली, तर मार्केट आणखी मोठं धरायचं. नाही वळले तर तेवढंच मार्केट. अमेरिकेच्या १९८२ च्या मर्जर गाइडलाइन्सपासून (म्हणजे कंपन्या एकत्र होताना काय तपासायचं ते) ही पद्धत रुळली, युरोपियन कमिशनने १९९७ च्या नोटिशीत ती घेतली आणि २०२४ मध्ये ती नोटीस नव्याने काढली. सिक्युरिटीच्या आतली पाण्याची बाटली या चाचणीत लगेच पास होते. १० टक्क्यांनी महागली म्हणून कोणी परत सिक्युरिटीच्या बाहेर जाऊन रांग लावून येत नाही.

पण या चाचणीत एक खड्डा आहे आणि एअरपोर्टच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. १९५६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे ड्यू पाँट कंपनीची सेलोफेनची केस आली होती. कोर्ट म्हणालं, सेलोफेन महाग झालं तर लोक मेणकागद, फॉइल वगैरे वापरतात, म्हणजे मार्केट गुंडाळायच्या सगळ्या कागदांचं आहे आणि त्यात ड्यू पाँटची मक्तेदारी नाही. यावर अर्थशास्त्रातल्या लोकांनी नंतर जी टीका केली ती अशी की अरे बाबा, किंमत आधीच इतकी वर नेऊन ठेवलेली आहे की तिथून पुढे माणूस काहीही वापरायला तयार होणारच! मक्तेदाराच्या भावावर चाचणी लावली तर मक्तेदारी दिसतच नाही. आता हेच एअरपोर्टला लावा. आतली किंमत मुळातच चढी, त्यामुळे अजून थोडी वाढवली की लोक म्हणतात जाऊ दे, विमानात बसल्यावर पिऊ, आणि मग विमानतळाचे वकील म्हणायला मोकळे की बघा, गिऱ्हाइकाकडे पर्याय आहेत, ते निघून जातात. निघून जातात कारण तुम्ही आधीच त्यांना कड्याच्या टोकावर आणून उभं केलंय.

म्हणून मला वाटतं चाचणी बाहेरच्या किमतीवरून सुरू करायला हवी, आतल्या नाही. एवढं एक झालं तरी अर्धा वाद मिटेल.

मात्र सगळ्या दुकानांना एकाच पोत्यात भरणंही चूक आहे. पाणी, सँडविच, फोनचा चार्जर, डोकेदुखीची गोळी या गोष्टी आत्ता इथेच लागतात, त्यांना पर्याय नाही. परफ्युम आणि व्हिस्कीचं तसं नाही. व्हिस्की घेणारा माणूस आधीच घरून भाव बघून आलेला असतो, कपाटासमोर उभा राहून फोनवर पुन्हा बघतो, आणि प्रवासात मधे विमान बदलायचं असेल तर त्याच्याकडे निघायचा विमानतळ, मधला विमानतळ आणि कधी कधी पोचल्यावरचंही ड्युटी फ्री अशी तीन दुकानं असतात. म्हणजे दुबई, दोहा, सिंगापूर हे हब व्हिस्कीच्या बाबतीत एकमेकांशी स्पर्धा करतात, पण सँडविचच्या बाबतीत अजिबात नाही, भूक लागलेला माणूस दोह्यात स्वस्त मिळेल म्हणून थांबत नाही. ट्रॅव्हल रिटेल हे एक मार्केट आहे असं सरसकट म्हणणारा माणूस बहुतेक काहीतरी विकत असतो. वस्तूप्रमाणे किमान दोन मार्केट आहेत, एक गरजेचं आणि एक हौसेचं, आणि कायद्याने कडक व्हायचं ते पहिल्यात.

आता कायद्याने आजवर काय केलंय. करांच्या बाबतीत तर ही वेगळी ओळख फार जुनी आहे. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधन भरायला आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर उतरायची, तिथल्या प्रवाशांसाठी आयर्लंडने १९४७ मध्ये खास कायदा करून तो विमानतळ कस्टम्समुक्त ठरवला आणि ब्रेंडन ओ'रीगन यांनी तिथे एअरपोर्टवरचं पहिलं ड्युटी फ्री दुकान सुरू केलं. म्हणजे देशाच्या आत असलेली जागा कायद्याच्या दृष्टीने देशाबाहेर. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०१२ मध्ये हॉटेल अशोकाच्या प्रकरणात हेच धरलं, बंगळुरूच्या विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातला माल कस्टम्सची सीमा ओलांडायच्या आधी विकला जातो, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर लावता येत नाही.

आणि जे कायद्याने दिलं ते कायद्याने काढूनही घेता येतं. युरोपियन युनियनमधल्या एका देशातून दुसऱ्या देशात जायच्या प्रवासाचं ड्युटी फ्री १ जुलै १९९९ पासून बंद झालं, एकच बाजारपेठ म्हणायचं आणि आत करमुक्त दुकानं ठेवायची हे जुळत नव्हतं. मग काय झालं, एकाच फळीवरच्या एकाच बाटलीला दोन भाव, युरोपात चाललेल्याला एक आणि बाहेर चाललेल्याला दुसरा, आणि तुम्ही कोण हे ठरवणार तुमचा बोर्डिंग पास. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात जाणाऱ्यांसाठी दारू-तंबाखूचं ड्युटी फ्री परत आलं आणि त्याच दिवशी विमानतळांवरची बाकीच्या मालाची करमुक्त विक्री बंद झाली. दुकान तेच, कपाटं तीच, फक्त कुठल्या कपाटासमोर उभं राहिल्यावर तुम्ही देशाबाहेर असता ते रातोरात बदललं.

बोर्डिंग पासावरून आठवलं, २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये यावरून चांगलाच गदारोळ झाला होता. साधं मासिक घेतलं तरी काउंटरवर बोर्डिंग पास मागायचे, लोकांना वाटायचं सिक्युरिटीचा काहीतरी भाग असेल. होतं असं की प्रवासी युनियनबाहेर चाललेला असेल तर दुकानाला त्या विक्रीवर २० टक्के व्हॅट भरावा लागत नव्हता, पण किंमत मात्र सगळ्यांना सारखीच लावलेली, म्हणजे सुटलेला कर बऱ्याच दुकानांच्या खिशात. आणि ड्युटी फ्रीचा माल सोडला तर पास दाखवायची सक्तीही नव्हती! मला हे उदाहरण फार आवडतं, म्हणजे आवडतं असं नाही, पण सगळं त्यात आहे. कायद्याने वेगळी ओळख दिली ती प्रवाशासाठी म्हणून आणि फायदा मुरला मधेच.

आता हा पैसा नेमका कुठे मुरतो, तर तिथे दुकानदार एवढा दोषी नाही असं मला वाटतं. एअरपोर्टवरचा दुकानदार साधं भाडं देत नाही. तो विक्रीवर टक्केवारी देतो, आणि वर एक किमान हमीची रक्कम असते, वर्षाला अमुक इतके तरी द्यायचेच, विक्री होवो न होवो, दोन्हीत जे जास्त ते. टेंडरमध्ये जो सगळ्यात जास्त देईल त्याला जागा. ही बोली लावताना दुकानदार कशावर लावतो? बंदिस्त गिऱ्हाइकाकडून किती काढता येईल यावर. म्हणजे खरी ताकद जागेच्या मालकाकडे, दुकान नुसतं ती वसूल करून देणारं. मार्केट वेगळं म्हणून ओळखायचं तर दोन मजले ओळखावे लागतात, वरच्या मजल्यावर विमानतळ जागा देतो आणि खालच्या मजल्यावर दुकान माल विकतं.

वरच्या मजल्यावर कोर्टांनी बरंच काम करून ठेवलंय, दुकानांबद्दल नाही पण तर्क तोच. पॅरिसचे विमानतळ चालवणारी एरोपोर द पारी ही संस्था विमानात जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांकडून उलाढालीवर फी घ्यायची, पण सगळ्यांकडून सारखी नाही. युरोपियन कमिशनने १९९८ मध्ये याला वर्चस्वाचा गैरवापर म्हटलं आणि २००२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं. ब्रिटनमध्ये २०११ ची पर्पल पार्किंगची केस, हीथ्रोने बाहेरच्या पार्किंगवाल्यांना टर्मिनलच्या दारासमोरून हलवायचं ठरवलं आणि स्वतःची तीच सेवा मात्र तिथेच ठेवली, हायकोर्टाने ते चालू दिलं नाही. ल्यूटन विमानतळाने लंडनच्या बसमार्गाची मक्तेदारी एकाच कंपनीला वर्षानुवर्षांसाठी दिली, तिथेही २०१४ मध्ये कोर्टाने विमानतळाच्या वर्चस्वाचा गैरवापर धरला. प्रत्येक वेळी विमानतळ मालक म्हणाला जागा आमची, आम्ही ठरवू. आणि प्रत्येक वेळी कोर्ट म्हणालं, जागा तुमची खरी, पण त्या जागेला दुसरा पर्याय नाही म्हणून जबाबदारीही तुमची.

आणि मग कोविड. विमानं जमिनीवर, टर्मिनल रिकामी, आणि किमान हमीची बिलं चालू. स्पेनमध्ये तर यावर थेट कायदाच झाला, ऑक्टोबर २०२१ च्या १३/२०२१ या कायद्याच्या शेवटी एक तरतूद घालून सांगितलं की सरकारी बहुमत असलेल्या आएना कंपनीच्या विमानतळांवरच्या दुकानांची किमान हमी प्रवासीसंख्या जितकी घटली त्या प्रमाणात कमी धरायची, २०१९ च्या पातळीला प्रवासी परत येईपर्यंत, आणि पहिल्या लॉकडाऊनच्या महिन्यांसाठी तर धरायचीच नाही. आएनाला ते मान्य नव्हतं, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण मला त्यात महत्त्वाचं हे दिसतं की संसदेने मान्य केलं, हा भाडेकरार शहरातल्या दुकानासारखा नाही, कारण इथे गिऱ्हाईक दुकानदार आणत नाही, विमान आणतं. वेगळ्या मार्केटची याहून स्पष्ट कायदेशीर कबुली मी तरी वाचलेली नाही, आणि ती एका भलत्याच कायद्याच्या शेपटीला बांधलेली आहे.

आता धंद्याची मागणी काय आहे ते बघू, कारण सगळीच चुकीची नाही. युरोपच्या ११६९/२०११ या नियमानुसार खाण्याच्या पाकिटावरची माहिती त्या देशातल्या गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत हवी. आता विमानतळावरच्या चॉकलेटचं गिऱ्हाईक कुठल्या देशाचं? बाराशे जण रांगेत उभे, त्यातल्या बऱ्याच जणांना त्या देशाची भाषा येत नाही, आणि तोच माल दहा देशांतल्या विमानतळांवर जातो तर दहा लेबलं चिकटवायची. म्हणून हे लोक म्हणतात क्यूआर कोड द्या, स्कॅन केला की हव्या त्या भाषेत माहिती. मला पटतं. वाइनच्या बाबतीत युरोपने डिसेंबर २०२३ पासून घटकांची यादी अशी कोडवर द्यायला परवानगी दिलीच आहे. पण त्यातही अ‍ॅलर्जीची माहिती बाटलीवर छापलेलीच लागते आणि ते तसंच पाहिजे. परक्या देशात उतरलेल्या माणसाच्या फोनला नेटवर्क नाही, पाकिटात शेंगदाणे आहेत का ते त्याला कोड सांगणार नाही.

ओळख मागितली की जबाबदारीही येते, आणि तंबाखूवाल्यांना हे कळलेलं आहे. तंबाखूचा बेकायदा व्यापार रोखायचा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल २०१२ मध्ये मंजूर झाला, २५ सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, आणि त्याच्या १३ व्या कलमात ड्युटी फ्रीचा वेगळा उल्लेख करून तिथेही हेच नियम लावा म्हटलंय. वेगळं म्हणून नाव घेतलं ते सूट द्यायला नाही.

माझा मुख्य आक्षेप हाच. लेबलचा विषय आला, कराचा आला, भाड्याचा आला की हा धंदा म्हणतो आम्ही सगळ्यांपेक्षा निराळे, आम्हाला सहावा खंड म्हणा (हा शब्द या धंद्यात खरोखर वापरतात). ब्रँडच्या वितरण करारातही ट्रॅव्हल रिटेल हे एखाद्या देशासारखं स्वतंत्र क्षेत्र म्हणून लिहिलेलं असतं, त्याचा माल शहरात विकायचा नाही. पण दोन कंपन्या एकत्र व्हायची वेळ आली की कुठल्याही वकिलाला मार्केट जितकं मोठं दाखवता येईल तितकं हवं असतं, मग ऑनलाइन आलं, शहरातले मॉल आले, सगळे आमचे स्पर्धक. दोन डगरींवर हात. आणि मर्जर काही लहान झालेली नाहीत, डुफ्री कंपनीने २०१४ मध्ये न्युआन्स घेतली, २०१५ मध्ये वर्ल्ड ड्युटी फ्री घेतली, २०२३ मध्ये ऑटोग्रिलशी एकत्र आली आणि नाव बदलून अ‍ॅव्होल्टा झाली. टेंडरला बोली लावणारे मोठे खेळाडू कमी होत गेले तर वरच्या मजल्यावरचं गणितही बदलतं, तिथे मग विमानतळच अडचणीत येतो.

याच्या उलट बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. विमानतळांच्या उत्पन्नात साधारण ४० टक्के भाग विमानांशी थेट संबंध नसलेल्या गोष्टींमधून येतो, त्यात दुकानांचा वाटा मोठा. जिथे सिंगल टिल पद्धत आहे तिथे नियामक हे सगळं उत्पन्न धरून मग विमान कंपन्यांकडून किती शुल्क घ्यायचं ते ठरवतो, म्हणजे दुकानातली महागाई तिकिटातल्या स्वस्ताईत जाते. ड्युअल टिलमध्ये दुकानांचा पैसा विमानतळ मालकाचा. भारतात मधला मार्ग, २०१६ च्या विमान वाहतूक धोरणापासून हायब्रिड टिल, दुकानं वगैरेंच्या उत्पन्नाचे ३० टक्के शुल्क कमी करायला धरतात. म्हणून आतले भाव बांधा म्हटलं की कोणाच्या तरी तिकिटाचा भाव हलतो, फुकट काही नाही. तरीपण मला हे पटत नाही की तहानलेल्या माणसाने दुसऱ्याच्या तिकिटाचे पैसे बाटलीमागे भरावेत, आणि ते कुठे लिहिलेलंही नसावं.

भाव बांधता येतात हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळावर दुकानांना बाहेरच्याच भावाने विकायची अट आहे. न्यूयॉर्कचे विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीचा नियम २०२२ मध्ये बाहेरच्या भावावर फार तर १० टक्के असा होता. तिथे एका बियरच्या बिलावरून बोंबाबोंब झाल्यावर ऑडिट झालं आणि नियम धाब्यावर बसवलेला सापडला, म्हणजे नियम करून भागत नाही, कोणीतरी जाऊन पाट्या वाचाव्या लागतात. पण करार करतानाच अट घातली तर दुकानदार बोलीच कमी लावतो आणि भुर्दंड जागेच्या मालकाला बसतो, जिथे तो बसायला हवा.

मला कायद्यात हवं ते फार नाही. मार्केटची व्याख्या सिक्युरिटीच्या आतली जागा आणि वस्तूची गरज या दोन्हींवरून करा, गरजेच्या वस्तूंना बाहेरच्या भावाची अट टेंडरमध्येच घाला, पिण्याच्या पाण्याचा नळ दुकानाच्या आधी असू द्या, बोर्डिंग पास कशाला मागताय ते काउंटरवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि हे सगळं मान्य असेल तर क्यूआर कोड, लवचिक किमान हमी, सगळं घ्या खुशाल.

आणि एक राहिलंच, पिशवी. ड्युटी फ्रीमधून घेतलेली पिशवी हातात घेऊन गेटवर गेलात की काही स्वस्त विमान कंपन्या ती जास्तीचं सामान धरतात, बॅगेत कोंबा नाहीतर पैसे भरा. दुकान म्हणतं आमचा काय संबंध, विमान कंपनी म्हणते तिकिटाच्या अटी वाचा, विमानतळ दोघांकडून पैसे घेऊन गप्प. दुकानवाल्यांची संघटना यावर वर्षानुवर्षं ओरडते आहे, आणि या एका बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे, विमानतळाने जागा देताना दुकानाशी जो करार केला आणि विमान कंपनीशी जो केला त्या दोन्हींत ही एक ओळ घालायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.